चौकातला फ्लॅट भाड्याने द्यायला घेताय? आधी एकदा रात्री जाऊन या

आमचा पहिला भाड्याने द्यायचा फ्लॅट आम्ही रविवारी सकाळी अकरा वाजता बघितला होता. हे सगळ्यात आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मोठा चौक, चार बाजूंनी रस्ते, खाली लगेच बसस्टॉप, बिल्डिंग अगदी सिग्नलला लागून. एजंटने खिडक्या आधीच लावून ठेवलेल्या, पंखा फुल स्पीडला, आणि आम्ही दोघं नळ उघडून पाण्याचं प्रेशर बघतोय, टाइल्स ठोकून बघतोय, बाल्कनीत दोन मिनिटं उभं राहिलो आणि लोकेशन एक नंबर आहे म्हणत खाली उतरलो. भाडेकरू लगेच मिळतील असं तो म्हणाला होता, ते खोटं नव्हतं, लगेच मिळाले. पण टिकले नाहीत.

पहिलं जोडपं आठ महिन्यांनी गेलं. स्वभावाने फार चांगले लोक, भाडं कधी एक दिवस उशिरा नाही. चावी परत घ्यायला गेले तर मोठ्या बेडरूममध्ये नुसते खोके, कपडे वाळवायचा स्टँड, एक सायकल, आणि फरशीवर पलंगाच्या पायांची खूण कुठेच नाही. छोट्या बेडरूममध्ये मात्र पलंगाच्या खुणा, त्याला खेटून पाळण्याच्या खुणा, भिंतीला जेमतेम हातभर जागा सुटलेली. मी सहज विचारलं, मोठी खोली वापरत नव्हतात का? तर ती मुलगी जरा थांबून म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण तिथे आम्ही पहिले दहा-बारा दिवसच झोपलो. बाळ प्रत्येक ट्रकला दचकून उठायचं. मग सगळे आतल्या खोलीत आलो."

म्हणजे दोन बेडरूमचं भाडं देऊन ते तिघं आठ महिने एका खोलीत राहिले, आणि मला हे माहीतच नव्हतं. घरी येऊन मला खरंच वाईट वाटलं, कारण विकत घेताना मी त्या रस्त्याचा विचार केलाच नव्हता असं नाही, केला होता, पण फक्त बस जवळ, स्टेशन जवळ, दुकानं जवळ असा. तिथे रोज रात्री कोणीतरी डोळे मिटून पडणार आहे, हा विचारच आला नव्हता.

दोन दिवसांनी मी रिकाम्या फ्लॅटवर सतरंजी घेऊन गेले आणि त्याच मोठ्या खोलीत झोपले, म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. दहापर्यंत नुसता एकसारखा गोंगाट होता, हॉर्न, बाईक, ब्रेक, पण तो एकसारखा असल्यामुळे थोड्या वेळाने कान त्याला सरावतो. खरा त्रास साडेअकरानंतर सुरू झाला. सिग्नल पिवळ्या ब्लिंकवर गेला, रस्ता रिकामा झाला, आणि रिकामा झाल्यामुळेच गाड्यांचा वेग वाढला. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आहे, भरलेला ट्रक त्याच्यावरून जरा जड आवाज करून जातो, पण रिकामा ट्रक गेला की मागचा फाळका असा काही आपटतो की छातीत धस्स होतं. मध्ये पाच मिनिटं पूर्ण शांतता, डोळा लागतो, आणि परत धाड. पहाटे पहिल्या बसेस स्टॉपला येऊन इंजिन चालू ठेवून उभ्या राहायला लागल्या तेव्हा मी खिडकीच्या काचेवर बोट टेकवून बघितलं, काच बारीक थरथरत होती. तो आवाज कानाला फारसा येत नाही, पण उशीतून डोक्यात जातो. मी एक रात्र काढली आणि सकाळी डोकं जड घेऊन घरी आले. त्या बाळाने किती रात्री काढल्या असतील.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, आणि बऱ्याच गोष्टी ज्या आपण गृहीत धरतो त्या तशा नाहीत असं लक्षात आलं. पहिली म्हणजे डेसिबलचं गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखं नाही. दहा डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, पण गाड्या दुप्पट झाल्या की सरासरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. आता हे उलटं करून बघा. एजंट हमखास सांगतो की बायपास होतोय, दोन-तीन वर्षांत ट्रॅफिक निम्मं होईल. होईलही, पण निम्मं झालं तरी कमी होणार तीन डेसिबल, जे कानाला जेमतेम कळतं, आणि रस्ता मोकळा झाल्यावर उरलेल्या गाड्या जास्त वेगाने गेल्या तर तेही वाया. जड वाहनंच पूर्णपणे दुसरीकडे वळणार असतील तर मात्र खरा फरक पडतो, म्हणून बायपासबद्दल विचारायचंच असेल तर किती गाड्या वळणार यापेक्षा ट्रक वळणार का हे विचारा.

अंतराचंही तसंच. सलग वाहता रस्ता असेल तर रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केल्यावर साधारण तीन डेसिबल कमी होतात. दहा मीटरवरून वीस मीटरवर गेलात तर जो फायदा, तोच पुन्हा मिळवायचा तर वीसवरून चाळीसवर जावं लागतं. म्हणजे समोर जरा जास्त जागा सोडलीय, म्हणून घर शांत असेल असं समजू नका. झाडांबद्दल तर माझा पार भ्रमनिरास झाला. आमच्या बाल्कनीसमोर चार मोठी झाडं आहेत आणि मला वाटायचं ती आवाज अडवतात, पण अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याची माहिती वाचली तर दहा डेसिबल कमी करायला सुमारे साठ मीटर रुंदीची, आरपार दिसणार नाही इतकी घनदाट झाडी लागते. एका ओळीतली चार झाडं सावली देतात, डोळ्याला बरं वाटतं, आवाजाचं काही करत नाहीत.

उंचीबद्दल मला खूप जण विचारतात, वरचा मजला घेतला तर? हवेसाठी वर जाणं साधारण चांगलं, पण आवाजासाठी तसं सरळ नाही. तळमजल्यावर कंपाउंडची भिंत थोडा तरी आडोसा देते, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर तो आडोसा संपतो आणि रस्ता लांबपर्यंत उघडा दिसायला लागतो. रस्ता जितका दिसतो तितका ऐकू येतो, हे मी आता डोक्यात पक्कं ठेवलंय, खिडकीत उभं राहून आधी डांबर किती दिसतंय ते बघते.

आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्या की सगळं शांत होईल हेही मी ऐकलंय. यात अर्धं खरं आहे. कारचा वेग साधारण ५० किलोमीटरच्या वर गेला की इंजिनापेक्षा टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा आवाज मोठा असतो, आणि टायर इलेक्ट्रिक गाडीलाही असतातच. युरोपमध्ये तर इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करायला लावलाय, जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड कारला हे सक्तीचं आहे, त्याच्या पुढे टायरचाच आवाज पुरतो म्हणून. म्हणजे सिग्नलला थांबून निघणाऱ्या गाड्यांचा आवाज कमी होऊ शकेल, वेगाने जाणाऱ्या रस्त्याचा फारसा नाही.

किती आवाज म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून सरासरी ५३ डेसिबलच्या खाली असावा आणि रात्रीचा ४५ च्या खाली, आणि हे मोजमाप घराच्या बाहेरच्या बाजूचं. त्या सरासरीत सुद्धा रात्रीच्या आवाजात दहा डेसिबल वाढवून धरतात कारण रात्रीचा आवाज जास्त नडतो. गर्दीच्या चौकावर ही मर्यादा पाळली जाणं जवळजवळ अशक्यच. पण चौकाची खरी अडचण सरासरीत दिसतच नाही. सरळ रस्त्यावर गाड्या एका लयीत जातात, चौकात मात्र थांबणं, पहिल्या गिअरमध्ये रेस करणं, हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न, परत ब्रेक, हे चक्र दिवसभर चालू असतं, आणि झोप मोडते ती अशा अचानक उसळणाऱ्या आवाजाने. मोबाईलवर डेसिबल मोजायची फुकट ॲप्स असतात, त्यांच्या आकड्यावर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, पण एकाच फोनने एकाच रात्री सगळ्या खोल्या मोजल्या तर कुठली खोली कितीने वाईट आहे हे छान कळतं.

आता खिडक्या. मी आधी सरळ डबल ग्लास लावून घेणार होते, सगळे तेच सांगतात. पण मला जो खिडक्यांचं काम करणारा माणूस मिळाला तो फार मनापासून काम करणारा होता, त्याने आधी अगरबत्ती लावून माझ्या स्लायडिंग खिडकीच्या कडेने फिरवली आणि धूर कुठे कुठे हलतो ते दाखवलं. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे, खालच्या ट्रॅकमध्ये, पाणी जायच्या भोकात, सगळीकडे धूर नाचत होता. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. हिशोबच आहे त्याचा, एकूण पृष्ठभागाच्या शंभराव्या भागाइतकी जागा जरी उघडी राहिली तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, सगळं मिळून २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. म्हणून आधी फटी, मग काच. नेहमीची स्लायडिंग खिडकी पूर्ण घट्ट बसत नाही, दारासारखी उघडून रबरावर दाबून बंद होणारी खिडकी बसते. आणि दोन काचांमध्ये सेंटिमीटरभर पोकळी असलेली नेहमीची डबल ग्लास ही मुळात गरमी-थंडीसाठी चांगली, ट्रक-बसच्या त्या घुमणाऱ्या जड आवाजाला ती फार पुरत नाही. त्यापेक्षा जाड लॅमिनेटेड काच (दोन काचा मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून चिकटवलेल्या), किंवा जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दहा सेंटिमीटर किंवा जास्त अंतर सोडून दुसरी खिडकी, हे जास्त काम करतं. आम्ही मोठ्या बेडरूमला हे दुसरं केलं. फाळक्याचा आवाज अजून येतो, पण आता तो लांबून आल्यासारखा येतो, दचकायला होत नाही.

पण खिडकी सतत बंद ठेवायची तर खोलीत हवा कुठून येणार, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचा खर्च खिडकीच्या खर्चातच धरायला हवा. रात्री एसी किंवा गाळलेली हवा आत घेणारा पंखा, आणि तोही दुसऱ्या, शांत बाजूच्या भिंतीतून. जुना विंडो एसी असेल तर तो काढा, ते भिंतीतलं भोकच असतं.

हवेचं मी थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नका. बाल्कनीच्या कठड्यावरून मी तीन दिवसांनी पांढरं फडकं फिरवलं तर ते मातीसारखं तपकिरी नाही, काळं झालं, आणि चिकट. बोटांनी चोळलं तर पसरतं, झटकून जात नाही. त्यात डिझेलची काजळी असते, ब्रेकची आणि टायरची झीज असते, आणि गाड्या जिथे थांबतात-निघतात तिथे ही झीज जास्त होते. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये सगळा अभ्यास एकत्र करून सांगितलं की मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहनांच्या धुराने सगळ्यात जास्त प्रभावित असतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने २००५ मध्येच सुचवलं होतं की रोज लाखभर गाड्या जाणाऱ्या शहरी रस्त्यापासून ५०० फुटांच्या आत, म्हणजे साधारण १५० मीटरच्या आत, नवीन घरं-शाळा शक्यतो नकोत. दमा असलेल्या माणसाला, लहान बाळ असलेल्या घराला मी आता आमचा तो फ्लॅट स्वतःहून नको म्हणते. दोनदा म्हटलंय. एकदा महिनाभर रिकामा राहिला त्यामुळे, राहू दे.

पैशाकडे येते, कारण शेवटी बरेच जण त्यासाठीच घेतात. रस्त्याला लागून असलेला फ्लॅट आतल्या गल्लीतल्यापेक्षा स्वस्त मिळतो आणि भाडं मात्र किमतीच्या मानाने तितकं कमी होत नाही, त्यामुळे कागदावर उत्पन्नाची टक्केवारी सुंदर दिसते. आम्हीही तशीच वही मांडली होती, बारा महिन्यांचं भाडं गुणून. पण भाडेकरू तीन वर्षं राहिला आणि मध्ये एक महिना रिकामा गेला तर ३७ पैकी ३६ महिने भाडं येतं, म्हणजे ९७ टक्के. तोच दर आठ महिन्यांनी गेला आणि मध्ये एकच महिना रिकामा गेला तरी नऊपैकी आठ, म्हणजे ८९ टक्के. आठ टक्के तिथेच गेले, आणि प्रत्येक वेळी रंग, साफसफाई, एजंटची फी, बारीकसारीक दुरुस्ती वेगळी. आमचे तर मधले दोन महिने गेले. किमतीत जी सूट मिळाली ती या सगळ्याला पुरते का, एवढंच बघायचं असतं, आणि आम्ही ते बघितलं नव्हतं. विकायला काढताना पुढचा गिऱ्हाईक हीच सूट आपल्याकडे मागणार, तेही धरा.

रस्ता आज आहे तसाच राहील असंही नसतं. नगरपालिकेच्या आराखड्यात तो रस्ता रुंद होणार आहे का, फ्लायओव्हर होणार आहे का, हे विकत घ्यायच्या आधी स्वतः जाऊन नकाशावर बघा, एजंटच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. रुंदीकरणात कंपाउंड आणि पार्किंगची पट्टी जाते, फ्लायओव्हर आला तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून गाड्या जायला लागतात, आणि दर वेळी डांबराचा नवा थर चढवला की रस्ता वर आणि बिल्डिंग खाली, मग पावसाचं पाणी गेटमधून आत. गेट कुठे आहे तेही बघा. आमचं गेट सिग्नलच्या स्टॉपलाइनच्या अगदी मागे आहे, संध्याकाळी सहा ते आठ गाड्यांची रांग गेटसमोरच उभी असते, गाडी बाहेर काढायला दहा-दहा मिनिटं. रस्त्याच्या मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्या बाजूला जायला किती लांबून यू-टर्न घ्यावा लागतो ते एकदा स्वतः गाडी चालवून बघा. आणि फ्लॅट टी जंक्शनच्या तोंडावर असेल तर रात्री दिवे बंद करून बेडरूममध्ये पाच मिनिटं थांबा, प्रत्येक गाडीचा हेडलाइट छतावरून फिरतो, जाड पडदा लागतोच.

एवढं सगळं लिहून मी रस्त्याजवळ घेऊच नका असं म्हणत नाहीये. दुसरा फ्लॅट आम्ही त्याच रस्त्यावर घेतला, फक्त चौकापासून थोडा पुढे आणि बिल्डिंगच्या मागच्या बाजूचा. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये पुढचे फ्लॅट, जिना, लिफ्ट सगळं येतं, बिल्डिंगच आडोसा होते. खिडक्या आतल्या मोकळ्या जागेकडे. बस तेवढीच जवळ, स्टेशन तेवढंच जवळ, भाड्यात फरक थोडासा. तो मी तीन वेळा बघितला, एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, एकदा पहाटे साडेपाचला, आणि एकदा रात्री बाराला, मालकांना विनंती करून. रात्री बाराला बघायला आलेली मी पहिलीच, असं ते म्हणाले, पण दाखवला. तिथले भाडेकरू चौथ्या वर्षात आहेत.

पुढच्या बाजूचाच फ्लॅट मिळत असेल तर नकाशात स्वयंपाकघर, बाथरूम, जिना रस्त्याकडे आणि झोपायच्या खोल्या मागे आहेत का बघा. असतील तर विचार करायला हरकत नाही. आणि भाडेकरू कोण आहे त्यावरही खूप असतं. सकाळी आठला जाऊन रात्री नऊला येणाऱ्याला दिवसाच्या गोंगाटाचं काही नाही, नाईट शिफ्ट करून दिवसा झोपणाऱ्याला तो फ्लॅट म्हणजे शिक्षा. डॉक्टर, क्लासेसवाले यांना उलट रस्ता दिसणारी जागाच हवी असते, पण तो वापर त्या बिल्डिंगमध्ये चालतो का हे आधी लेखी बघावं लागतं.

चौकातला फ्लॅट आता मी दिवसा दाखवतच नाही. जो विचारतो त्याला रात्री दहाला बोलावते, खिडकी आधी उघडी ठेवून आवाज ऐकवते, मग बंद करून ऐकवते, आणि जे आहे ते सांगते. चार जण आले, तीन नको म्हणाले, चौथा एकटा राहणारा मुलगा, बराच वेळ खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला चालेल. त्याला आता दोन वर्षं होतील, आणि तो त्या मोठ्या बेडरूममध्येच झोपतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता, "ताई, आई कायमची राहायला येतेय, तिला मी मोठी खोली देणार, मी हॉलमध्ये झोपेन, तर हॉलच्या खिडकीला पण तसंच करता येईल का?" गुरुवारी मापं घ्यायला माणूस येतोय.